निवांत सायकल, जुनी देवळं आणि मधली गावं: खानापूर, हलशी, देगाव, कित्तूर

तांबडीमाती:
मंडळी नमस्कार. हा विषय काढीन काढीन म्हणत होतो. आपल्या बेळगावात हल्ली सायकली घेतलेले लोक खूप झालेत, पहाटे कॅम्पात नाहीतर हिंडलग्याच्या रस्त्याला बघा, हेल्मेटच हेल्मेट. चांगलंच आहे. पण सगळ्यांचं लक्ष मोबाईलवरच्या आकड्यात. शंभर मारले, दीडशे मारले. कुठून गेलास म्हणून विचारलं की उत्तर एकच, हायवे.

माझं म्हणणं असं की खानापूर तालुका ते कित्तूर हा पट्टा सायकलवरून सावकाश बघायसाठीच आहे. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर, त्याच्यावर एकही नको. गाडीतून जाणारी माणसं बेळगावातनं निघतात, तासाभरात हलशी गाठतात, वीस मिनिटं देऊळ, फोटो, आणि जेवायला परत घरी. मधलं काहीच बघितलेलं नसतं. आणि ह्या भागाची गंमत तर मधल्यातच आहे. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, बनवासीनंतरची त्यांची दुसरी राजधानी, पाचव्या शतकातले ताम्रपट तिथं सापडलेत. नंतर गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात हलशीला आणि देगावला देवळं बांधली. नंदगडला 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. आणि कित्तूर, जिथं 1824 च्या ऑक्टोबरात चन्नम्मा राणीच्या फौजेनं इंग्रज कलेक्टर थॅकरेला पाडलं. हे सगळं एकमेकांपासून सायकलच्या टप्प्यात.

आता विचारायचं ते. आम्ही दोघं नवरा-बायको पन्नाशीच्या पुढचे, पुण्याहून मेहुणा-मेहुणी येणार, तेही त्याच वयाचे. डिसेंबरात जायचं ठरतंय. बेळगाव ते खानापूर हायवे सोडून कसं जावं? नंदगडहून बिडीमार्गे कित्तूरला गेलेलं कुणी आहे का? मुक्काम कुठं? सौंदत्ती, हुळी ह्यालाच जोडावं की वेगळं ठेवावं? आणि गिअरची सायकल लागेलच का?

अनगोळ_नाका:
तारीख सांगा. बाकी काय विचारत नाही.

पेडलपुराण:
विषय उत्तम, पण सुरुवातीलाच शंभर-दीडशेवाल्यांवर घसरलात ते पटलं नाही दादा. मी लांब पल्ल्याचा माणूस आहे. पहाटे चारला निघून संध्याकाळी गोव्यात पोचायचं ह्यात पण एक आनंद आहे, शरीर काय करू शकतं ते कळतं. दोन्ही प्रकार राहू देत की. आणि एक सांगू का, लांब पल्ल्याच्या सवयीमुळंच मला तुमचा तीस किलोमीटरचा दिवस आरामात जातो. ज्यानं वर्षभर सायकलला हात लावला नाही त्याला खानापूर-हलशीसुद्धा जड जाईल, तो भाग सपाट नाही. महिनाभर आधी सगळ्यांनी आठवड्यातनं तीन दिवस तरी चालवा, मेहुण्यांना पण सांगा.

तांबडीमाती:
@पेडलपुराण मान्य. तुमच्या प्रकाराला विरोध नाही, फक्त तोच एक प्रकार आहे असं वाटायला लागलंय त्याचं वाईट वाटतं. तीन दिवसांचं मेहुण्याला आजच कळवतो.

वीरगळवेडा:
अहाहा, माझ्या जिव्हाळ्याचा धागा. दम धरून वाचा, थोडं लांबणार आहे.

हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ. शिखर लांबनं बघितलं की कदंबांची पद्धत लगेच कळते, पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत गेलेलं, फार नक्षी नाही आणि टोकाला कळस. आत गेल्यावर आधी मध्येच उभं राहा. दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडं नारायण, दुसरीकडं वराह, आणि दोघांच्या मधल्या मंडपात आपण. वराहाची मूर्ती पाचेक फूट उंच. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्या. गाडीतनं आलेली माणसं टॉर्च मारतात आणि निघतात. खांब बघा, कातावर फिरवल्यासारखे गुळगुळीत, कडा अजून बोटाला लागतात. गावात सुवर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर अशी अजून देवळं विखुरलेली आहेत आणि डोंगरावर रामतीर्थ आहे. सायकल खालीच कुणाच्या तरी दारात लावा आणि रामतीर्थाला चालत जा.

आता खरं सांगायचं ते. देवळांपेक्षा मला ह्या वाटेवरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, ओढतात. कुठंही दिसतील. देवळाच्या मागं, तळ्याच्या बांधावर, मारुतीच्या कट्ट्याला टेकवलेले, शेताच्या कोपऱ्यात. थांबून खाली बसून बघायचे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर ह्याची कीर्ती राहील. एका गावात आडाजवळ एक होता, खालची चौकट मातीत गेलेली. शेजारच्या आजींनी तांब्याभर पाणी आणून दगडावर ओतलं आणि म्हणाल्या, आता बघ. ओला झाल्याबरोबर घोड्याचा लगाम, ढालीवरची बटणं, पडलेल्या माणसाचा हात, सगळं वर आलं. तेव्हापासून मी पाण्याची एक जादा बाटली फक्त दगडांसाठी नेतो. पाणीच हं. खडू, पीठ, तेल लावून अक्षरं उठवायचा प्रकार कृपा करून कुणी करू नका, दगड खराब होतो.

टायरट्यूब:
गिअरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

गिअर लागेल. आमच्या वडिलांनी साध्या हर्क्युलसवर सगळा खानापूर तालुका पालथा घातला हे खरं, पण ते चढाला उतरून ढकलत जायचे आणि तिशीत होते. पन्नाशीपुढं गुडघा महत्त्वाचा. हायब्रिड घ्या, टायर 35 ते 40 मिलीमीटरच्या आसपास. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल ह्या रस्त्यांना नको, आणि मोठी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, पण उगीच जड. चढ दिसला की गिअर आधीच हलका करायचा, चढात अर्ध्यावर जाऊन कर्रकर्र करत बदलायचा नाही, चेन तिथंच तुटते. सीट जरा वर, म्हणजे पेडल खाली गेल्यावर पाय जवळपास सरळ. निम्म्या लोकांचे गुडघे सीट खाली ठेवल्यानं दुखतात.

पंक्चरचं: खानापूर भागात काटे कमी, तांबडी माती आणि खडी. कित्तूरच्या पुढं पूर्वेला काळी जमीन सुरू झाली की बाभळी आल्या. सायकल टेकवायला रस्त्याकडंला नेली की बाभळीचा काटा आत. दोन ट्यूब जादा, पंप, लिव्हर, आणि पंक्चर स्वतः काढायला शिका, घरी अंगणात दोनदा करून बघा. गावात मोटरसायकलचा पंक्चरवाला मिळतो, पण त्याच्या पंपाचं तोंड बारीक व्हॉल्व्हला बसत नाही. त्याचा छोटा पितळी अडॅप्टर येतो, तो खिशात पाहिजेच.

मधली_गल्ली:
हा अडॅप्टरचा मुद्दा सोन्यासारखा आहे. बाकी सगळं विसरा, हे विसरू नका.

शांतू_मास्तर:
नमस्कार. माझी सगळी नोकरी खानापूर तालुक्यात झाली, मराठी शाळेत. त्यामुळं रस्त्याचं सांगतो.

बेळगावातनं हायवेनं खानापूरला जाऊच नका. चौपदरी झाल्यापासून गाड्या गोव्याच्या ओढीनं जातात. येळ्ळूरवरून निघा. वाटेत राजहंसगड आहे, वरपर्यंत रस्ता गेलाय पण चढ खडा, सायकल खाली ठेवून चालत चढा, वरून बेळगाव आणि पश्चिमेचा डोंगर सगळं दिसतं. मग देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी करत खानापूर. डिसेंबरात ह्या वाटेला भाताची मळणी आटपत आलेली असते, गवताच्या वळ्या रचायचं काम चाललेलं असतं आणि भात काढलेल्या रानात ओलीवर मसूर उगवलेला दिसतो. बेळगावचा मसूर म्हणतात तो हाच. पाहुण्यांना तो शेतात दाखवा आणि संध्याकाळी ताटात वाढा.

खानापुरात मातीचं काम जुनं. मडकी, कौलं, विटा. कुंभाराच्या दारात दहा मिनिटं थांबलात तर कुणी हाकलत नाही. मलप्रभेच्या काठी असोग्याला रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, पहिल्या दिवशी दुपारी तिथं नदीकाठी बसावं. ही नदी कणकुंबीला उगम पावते आणि 304 किलोमीटर जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते. तुमच्या सगळ्या प्रवासात ती कुठं ना कुठं भेटत राहणार.

नंदगडला रायण्णाची समाधी आहे, तिथला वड बघा. शाळेची मुलं घेऊन जायचो तेव्हा सांगायचो, हा जन्मला 15 ऑगस्टला, फासावर गेला 26 जानेवारीला, तारखा पाठ करायचं काम तुम्हाला ठेवलंच नाही त्यानं. मुलं कधी विसरली नाहीत.

नंदगड ते बिडी, बिडी ते कित्तूर रस्ता आहे, एसटी चालते, ट्रॅफिक कमी. देगाव कित्तूरच्या अलीकडं पाच-सहा किलोमीटरवर पडतं, ते आधी करून मग कित्तुरात शिरा. आणि एक, खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं किंवा लोंढ्याच्या बाजूला जंगलात संध्याकाळी सायकल नको. अस्वलं आहेत, हत्ती पण येतात. साडेपाचला मुक्कामावर.

कडोलीची_भाकरी:
मास्तर नमस्कार 🙏 तुमचं मसूर वाचून आत्ताच आईला आमटी टाकायला सांगितली.

खाण्याचं कोण बोलणार? सकाळी खानापुरात पोहे-मिसळ काय मिळेल ते. बिडीच्या पुढं गेलात की जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एण्णेगायी वांगं. दुपारी चारला गिरमिट आणि मिरची भजी, ते तर चुकवूच नका, सायकल चालवून आल्यावर गिरमिटासारखं काही नाही. पाहुण्यांना जाताना कुंदा बांधून द्या. करदंट पायजे तर गोकाकपर्यंत पेडल मारा 😂

अनगोळ_नाका:
ह्या हिशोबानं वजन वाढवूनच परत येणार सगळे.

निपाणीकर_बाई:
बायकांच्या बाजूनं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही चौघी मैत्रिणी अशा फिरतो, निपाणी-संकेश्वर-हुक्केरी बाजूला. संकेश्वरचं शंकरलिंग, जवळचा वल्लभगड, हुक्केरीचे आदिलशाही घुमट, एवढ्यात दोन निवांत दिवस जातात. कधीतरी इकडं पण या.

पहिली अडचण बाथरूमची. हायवेवर हॉटेलं असतात, आतल्या गावात नाही. आमची रीत अशी की गावात शिरल्यावर आधी देवळात किंवा किराणा दुकानात न थांबता एखाद्या घरासमोर जिथं बाई भांडी घासतेय, धान्य निवडतेय तिथं थांबायचं, पाणी मागायचं, बोलायचं. मग विचारायला संकोच वाटत नाही आणि आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही. उलट चहा झाल्याशिवाय सोडत नाहीत. एवढ्या लांब सायकलनं आलीस, घरच्यांनी सोडलं? हा प्रश्न ठरलेला. मग नवऱ्याची, पोरांची, सुनेची सगळी हकीकत सांगायची. ह्यात अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यायचा.

दुसरं, ऊस. तुम्ही डिसेंबरात निघताय म्हणजे गळीत हंगाम भरात. कित्तूरच्या पुढं नाहीतर आमच्या बाजूला आलात तर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचं काही दिसत नाही. ट्रॉली आली की सरळ रस्त्याच्या खाली उतरून थांबायचं. ओव्हरटेकच्या भानगडीत अजिबात पडायचं नाही. मागच्या ट्रॉलीचा फटका बसतो तो ती वळताना बसतो.

आणि गुऱ्हाळ दिसलं तर थांबा. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचं पाणी घालून मळी वर काढतात, गुळव्या नुसत्या डोळ्यानं पाक ओळखतो, चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस वेगळा. गरम काकवी भाकरीला लावून खा.

पेडलपुराण:
ट्रॉलीचं अगदी बरोबर. मागच्या बाजूला लाल दिवा दिवसा पण चालू ठेवा, आणि अंगात भडक रंगाचा शर्ट.

सौदत्तीवाली:
तांबडीमाती दादा, सौंदत्तीचा प्रश्न माझ्याकडं. जोडू नका. वेगळी ट्रिप करा, कारण आमच्या बाजूला तुम्ही थकलेल्या पायांनी आणि भरलेल्या डोक्यांनी यावं असं मला वाटत नाही 🙂

इकडचा प्रदेश वेगळा. काळी जमीन, लांबच लांब सपाट, मध्येच तांबूस खडकाचे डोंगर. सौंदत्ती म्हणजे रट्ट राजांची सुगंधवर्ती, बेळगावला, म्हणजे तेव्हाच्या वेणुग्रामला, जाण्याआधी त्यांची राजधानी हीच. गावातला आठ बुरुजांचा किल्ला पुढचा, 18व्या शतकात शिरसंगीच्या देसायांनी बांधलेला. नविलुतीर्थाला मलप्रभा डोंगराच्या खिंडीतून बाहेर पडते, तिथं धरण. आणि तिथून हुळी, सौंदत्तीपासून नऊ किलोमीटर. पंचलिंगेश्वराच्या देवळात पाच गाभारे ओळीनं, आणि गावभर पडकी देवळं. काहींच्या अंगणात म्हशी बांधलेल्या, एकाच्या मंडपात पोरं अभ्यासाला बसतात. मला ते आवडतं. तारेचं कुंपण घालून कुलूप लावलेल्या देवळापेक्षा बरं.

फक्त यल्लम्माच्या पौर्णिमा बघून या. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला डोंगरावर लाखांनी माणूस असतं, रस्ते भरून जातात. कोल्हापूरकडनं येतात ते मार्गशीर्षात, म्हणजे तुमच्या डिसेंबरातच. गर्दी, भंडारा, बैलगाड्या बघायच्या असतील तर जरूर या, पण मग सायकल घरी ठेवून.

वीरगळवेडा:
@सौदत्तीवाली ताई, म्हशींचं पटलं, पण अर्धंच. देऊळ वापरात असलं की टिकतं हे खरं. पण वापर म्हणजे ऑइल पेंट नव्हे. एका गावात (नाव नको) बाराव्या शतकातल्या खांबांना पिवळा आणि गुलाबी ऑइल पेंट मारलेला बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. आतली पानं, वेली, सगळं भरून गेलं. फरशी घातली त्यात शिलालेखाच्या खालच्या ओळी गेल्या. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, वर्गणी काढून, भक्तीनंच केलेलं. म्हणूनच जास्त लागतं.

शांतू_मास्तर:
हे बोलायला पाहिजे गावात जाऊन. बाहेरून आलेला माणूस तुमचा दगड मोलाचा आहे असं म्हणाला की गावकऱ्यांना तो दगड दिसायला लागतो, हे मी शाळेत असताना अनुभवलंय. पोरांना तळ्याकाठचा वीरगळ दाखवला, त्यातलं काय काय ते समजावलं, पुढच्या आठवड्यात पोरांनी आणखी चार शोधून आणले, म्हणजे जागा शोधून आणल्या. एकाच्या घराची पायरीच निघाली. त्याच्या आजोबांनी ती काढून देवळाजवळ उभी केली. गाडीतला माणूस एवढं थांबत नाही, सायकलवाला थांबतो. माझ्या मते तुमच्या ट्रिपचा खरा उपयोग हाच.

सौदत्तीवाली:
मास्तर, लाख बोललात. @वीरगळवेडा पेंटच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं.

गडकरी_नसलेला_गडी:
एक विचारू? कित्तूर बाजूला मराठी चालतं का? की बोर्ड, भाषा ह्यावरून काही...

मधली_गल्ली:
तो विषय इथं नको भावा, त्याला दुसरे धागे आहेत आणि तिथं गर्दी पण आहे.

शांतू_मास्तर:
विचारलंय ते सरळ मनानं, उत्तर देऊ. हलशी, नंदगडला मराठी सगळीकडं. बिडीपासनं कन्नड वाढत जातं. कित्तुरात दुकानदाराला मराठी समजतं, आतल्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला कदाचित नाही. "गुडी एल्ली ऐत्री" म्हणजे देऊळ कुठं आहे, "नीर कोडरी" म्हणजे पाणी द्या, एवढं बास. शेवटचा "री" विसरू नका, तो मानाचा. "ऊटा आत एन्री" म्हणजे जेवण झालं का, हे तुम्हाला प्रत्येक गावात विचारतील. माझी बायको कन्नड घरातली, चाळीस वर्षांत तिनं एकदाही मला हे विचारायचं चुकवलेलं नाही.

कडोलीची_भाकरी:
मास्तरांच्या घरी मुक्काम ठरला तर मग 😄

टायरट्यूब:
मुक्कामावरून आठवलं, त्याचं कुणी सांगितलंच नाही. खानापुरात लॉज मिळतात, साधे. कित्तूर हायवेलगत असल्यामुळं त्या बाजूला खाण्या-राहण्याची सोय होते. हलशीला राहायचं झालं तर आधी कुणामार्फत तरी बोलून ठेवा, आयत्या वेळी अंधारात चौघांनी दारात उभं राहणं बरं नव्हे. नाहीतर खानापुरात दोन रात्री काढा, सामान खोलीवर ठेवून मोकळ्या सायकलनं हलशी करून परत या, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. मोकळ्या सायकलचं सुख सामान बांधून चालवल्याशिवाय कळत नाही.

वीरगळवेडा:
@टायरट्यूब दोन रात्रींची कल्पना झकास. मग देगावला पण वेळ मिळेल. कमलनारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी, तिनं बांधवलेलं. तीन गाभारे एका ओळीत. हलशीच्या मानानं इथं कोरीवकाम भरगच्च, छतातली कमळं मान मोडेपर्यंत बघावीत. सरळ जमिनीवर उताणं झोपून बघा, मी झोपतो. आणि कित्तूरला किल्ल्यात वाड्याचे पाये, जाडजूड मातीच्या भिंती, ध्रुवतारा बघायचं भोक, आतलं म्युझियम. राणी काकतीची, समाधी बैलहोंगलला. ज्याला राणीचा सगळा माग काढायचा त्यानं बैलहोंगल पुढच्या ट्रिपला ठेवावं.

निघायच्या आदल्या दिवशी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, मात्र पाहुण्यांना दाखवा. 1204 ची. रट्टांच्या वेळची. सौदत्तीवाली ताईंचे रट्ट शेवटी इथंच येऊन पोचले. मंडपाच्या छताला लोंबणारं दगडी कमळ बघितलं की चार दिवसांत काय शोधायचं ते डोळ्यांना कळतं. तिथनं जवळच किल्ल्यात 1519 ची साफा मशीद आहे, तीही बघा.

पेडलपुराण:
मी आता थोडा पाघळलोय. लांब पल्ल्यात हलशीचा फाटा कितीदा तरी डाव्या-उजव्या हाताला गेला, आत वळलो नाही. चार दिवस तुमच्यासोबत येऊ का? वेग तुमचाच.

तांबडीमाती:
@पेडलपुराण या की! एक जाणता सोबत असला तर मेहुण्याला पण धीर.

सगळं वाचून ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. पहिला दिवस किल्ला, कमल बस्ती, मग दुपारनंतर फक्त येळ्ळूरपर्यंत सराव. दुसरा दिवस येळ्ळूर, राजहंसगड पायी, देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, खानापूर, संध्याकाळी असोगा. तिसरा दिवस मोकळ्या सायकलनं हलशी, रामतीर्थ, परत खानापूर. चौथा दिवस नंदगड, बिडी, देगाव, कित्तूर, हा जरा मोठा दिवस, पहाटे निघू. पाचवा दिवस कित्तूर निवांत, आणि परत येताना सायकली टेम्पोत घालून बेळगाव, हायवेनं चालवत यायचं नाही. सौंदत्ती-हुळी जानेवारीत वेगळं, पौर्णिमा बघून. गिअरच्या सायकली भाड्यानं दोन, दोन आमच्या. दगडांसाठी पाण्याची बाटली बायकोनं आत्ताच बाजूला काढून ठेवलीय.

निपाणीकर_बाई:
छान झालं. चौथ्या दिवशी दुपारी बारा ते तीन कुठंतरी सावलीत झोपा, डिसेंबर असला तरी ऊन लागतं. आणि वहिनींना सांगा, पातळ सुती ओढणी दोन ठेवा, धुळीला तोंडावर, गाभाऱ्यात डोक्यावर.

पुण्याचा_मेव्हणा:
नमस्कार, मीच तो मेहुणा. धागा वाचला. तीन दिवसांचा सराव कालपासून सुरू केलाय, आजचा दुसरा. माझी स्वतःची हायब्रिड आहे, तीच आणायची इच्छा आहे, सीट बसलेली आहे अंगाला. रेल्वेनं सायकल बेळगावपर्यंत येईल का?

टायरट्यूब:
येईल. पुण्यात स्टेशनवर पार्सल ऑफिसला गाडीच्या बरेच तास आधी जा, सायकल लगेज म्हणून बुक होते, ब्रेक व्हॅनमध्ये जाते. तिकीट दाखवावं लागतं. पेडल काढून घ्या, हँडल वळवून फ्रेमला बांधा, डिरेलरवर (मागचे गिअर बदलणारा भाग) जुना टॉवेल गुंडाळा, आणि नाव-फोन-स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा. दिवे, पंप, मीटर सगळं काढून बॅगेत. हवा थोडी कमी करा. उतरायचं बेळगावलाच, पुढं देसूर-खानापूरला गाडी जेमतेम थांबते, सायकल उतरवायला वेळ मिळत नाही. पावती जपा, पावतीशिवाय सायकल हातात देत नाहीत.

पुण्याचा_मेव्हणा:
आभारी आहे. पेडल डावीकडचं उलट्या आट्याचं असतं ना?

टायरट्यूब:
बरोबर. दोन्ही पेडलं मागच्या चाकाकडं पान्हा ओढून सुटतात, आणि लावताना आट्याला थोडं ग्रीस.